दुसरी बाटली

३ मार्च

धाकटे,

मिशनचं मासिक आलं. चौथ्या पानावर अर्धं पान भरून तू. डोक्याला रुमाल, हाताला चिखल, आणि हसतेयस अशी की जणू ती जमीन तू एकटीनेच नखांनी उकरलीस. खाली छापलंय, 'तहानलेल्यांची बहीण'. अगं बाई! तहानलेल्यांची बहीण, मग माझी कोण?

आईला वाचून दाखवलं. तीनदा. चौथ्यांदा म्हणाली, "डोळे मिटून ऐकते, परत वाच." मग ते पान माझ्याकडूनच कापून घेतलं आणि उशीखाली ठेवलं. आता चादर बदलताना आधी तुला जपून बाजूला ठेवायचं आणि मग आईला कुशीवर वळवायचं. तिची डावी बाजू अजून तशीच लुळी आहे. काल शेजारच्या शिक्षिकाबाई बघायला आल्या होत्या. आई त्यांना म्हणाली, "माझी लेक गावोगाव पाणी पोचवते." मी तिथेच उभी होते, तिच्या उष्ट्याचं ताट हातात घेऊन.

चिडू नकोस, मी पहिल्यापासून फटकळ. मिशनच्या साहेबांनाही ते माहीत आहे, म्हणून तर गावात जायचा अर्ज केला मी आणि पाठवलं तुला. "तुमचा हात चांगला आहे, धाकटीचा स्वभाव चांगला आहे," असं म्हणाले होते. बारा वर्षं मी या तपासणीच्या खोलीत गावोगावचं पाणी औषधाच्या बाटल्यांत ठेवून, जंतूंनी काळं पडतंय का ते बघत बसलेय. कुठल्या गावचं पाणी कसं ते झोपेतही सांगेन, पण त्यातलं एकही गाव डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

असो. बोअरला पाणी लागलं की नमुना पाठव. आणि शिकवलाय तसाच घे. शंभर वेळा दांडा मारायचा, मग स्पिरिटचा बोळा पेटवून पंपाचं तोंड चांगलं भाजून काढायचं, आणि मगच बाटली भरायची. तोंडाला कुणाचा हात लागता कामा नये. भरलीस की त्याच दिवशीच्या गाडीने पाठव.

आईने तुला आशीर्वाद सांगितलाय. रोजच सांगते.

तुझी ताई


१२ मार्च

ताई, ताई, ताई!

पाणी लागलं! दोनशे दहा फुटांवर! आधी नुसती धूळ, मग दगडाचा भुगा, मग चिखल, आणि मग अशी धार आली की यंत्रावरचे दोघं नखशिखांत भिजले. अख्खा गाव धावत आला. तुला खरं वाटणार नाही, पण ही माणसं आजवर नाल्याच्या डबक्यातलं पाणी पितात. गुरं त्याच डबक्यात बसतात. वरून फडकं बांधून गाळतात, म्हणजे किडे तेवढे वर राहतात. इथल्या सुईण आजीने स्वतःच्या हाताने जन्माला घातलेली किती पोरं त्या पाण्याने गेली, ते ती बोटांवर मोजायला लागली आणि मध्येच थांबली.

चर्चचे पाळक म्हणाले, आधी आभार मानू. मग सगळ्यांनी पंपावर हात ठेवले. दांड्यावर, खांबावर, आणि जागा मिळाली नाही त्यांनी थेट पंपाच्या तोंडावर. शेणामातीचे हात, शेंबड्या पोरांचे हात, सगळे! आजीने तर तोंडाला कपाळ टेकवलं. मी इतकी रडले म्हणून सांगू. आणि त्याच घटकेला तुझी बाटली भरली. म्हटलं पहिली बाटली ताईची. दांडा शंभर कसला, दीडशे वेळा मारून झाला होता. बोळा तेवढा पेटवला नाही हं, ओरडू नकोस. आत्ताच जिथे प्रार्थना झाली तिथे आग कशी लावायची? हातच उचलेना माझा.

२८ तारखेला उद्घाटन आहे. देणगी देणारे पाहुणे येणार आहेत. दगडावर माझं नाव घालायचं म्हणतात. मी म्हटलं, ताईचंही घाला. साहेब म्हणाले, दगडावर जागा नाही.

आईचे पाय चेपतेस ना? तुझा हेवा वाटतो गं मला कधीकधी. रोज आई समोर असते तुझ्या.

तुझी धाकटी


१६ मार्च

धाकटे,

तुमच्या गावच्या नव्या बोअरचा नमुना दोन दिवसांत काळा पडला. शाईसारखा. पाणी पिण्यालायक नाही. तसा कागद मी कालच साहेबांकडे दिला आहे. दांड्याला लाल रंग द्यायला आणि साखळी घालायला माणूस उद्या निघेल. पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवलं आहे.

वाईट वाटून घेऊ नकोस. नियम म्हणजे नियम.

आईला काही सांगितलेलं नाही.

ताई


२४ मार्च

ताई,

तुझं पत्र आणि रंगाचा डबा एकाच गाडीतून आले. माणूस भला होता बिचारा, मान खाली घालून रंग देत होता. पाच दिवस पाणी पिऊन झालं होतं गं सगळ्यांचं. पाच दिवस! बायका विचारायला लागल्या, "आता आमच्या पोटात काय झालं असेल?" एकीने तर घशात बोटं घालून ओकारी काढली. जिने माझ्या गळ्यात पडून मला लेक म्हटलं होतं, तिने काल मला बघून दार लावून घेतलं.

सगळे परत नाल्यावर जायला लागले आहेत. मी वाटेत उभी राहून सांगते, निदान उकळून प्या. त्या म्हणतात, "बाई, जळण तुम्ही आणून देणार का?"

एक विचारू का? तूच मला शिकवलं होतंस की एक बाटली काळी पडली तर नुसता संशय धरायचा, दुसरी काळी पडली तरच निकाल द्यायचा. पहिलीवरून कुठलाच पंप बंद करायचा नाही. मी रोज गाडीची वाट बघतेय, दुसऱ्या बाटलीची मागणी येईल म्हणून. कधी मागवतेस?

धाकटी


३० मार्च

धाकटे,

नियम मला शिकवू नकोस. तू परकर नेसत होतीस तेव्हापासून मी बाटल्या तपासतेय. पाणी खराब लागलं तर लागलं, त्यात तपासणीवर कसलं खापर फोडतेस? नाचता येईना अंगण वाकडं!

दुसरी बाटली मागवेन. सध्या नमुने गार ठेवून आणायचा बर्फाचा डबा दुरुस्तीला गेलाय, माझ्यासमोर सतरा गावांच्या बाटल्या रांगेत आहेत, आणि घरी आईला ताप आहे. तुझं एकच गाव नाही माझ्याकडे. एप्रिलअखेरीस पाठव, बघू.

आणि दोन बायकांनी तोंड फिरवलं म्हणून एवढं रडायचं? माझ्याकडे तर बारा वर्षांत कुणी तोंड करूनसुद्धा बघितलं नाही.

ताई


९ एप्रिल

ताई,

सुईण आजीची नात मिशनच्या दवाखान्यात आहे. सहा वर्षांची आहे. नाल्याचं पाणी प्यायली आणि परवा सकाळपासून हगवण आणि उलट्या. डोळे खोल गेलेत, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. सलाईन लावलंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, आजची सकाळ बघितली म्हणजे आशा आहे, यापलीकडे काही विचारू नका. आजी खाटेशेजारी जमिनीवर बसून असते. मी गेले की पाठ फिरवते.

मी कुणालाही न विचारता साखळी काढली. शंभर वेळा दांडा मारला, मोजून. बोळा पेटवला, तोंड चरचरेपर्यंत भाजलं, आणि तीन बाटल्या भरल्या. बर्फाच्या डब्याची वाट बघत बसले नाही, दवाखान्यातून औषधांचा डबा मागून घेतला. गाडीवाल्या मामांना शपथ घातलीय की डबा थेट तुझ्या हातात द्यायचा.

तुझ्या सतरा गावांच्या आधी माझं गाव बघ. उपकार म्हणून बघ हवं तर.

धाकटी


१३ एप्रिल

धाकटे,

तिन्ही बाटल्या स्वच्छ आहेत. तीन दिवस ठेवल्या, नियमापेक्षा एक दिवस जास्त. काचेतून पलीकडचं कॅलेंडर वाचता येतंय. पाणी चांगलं आहे. पहिल्या दिवसापासून चांगलंच होतं.

पोर कशी आहे ते उलट टपाली कळव. आधी ते कळव, मग हे पुढचं वाच.

पहिली बाटली काळी पडली ती पाण्यामुळे नाही, त्या हातांमुळे. आणि हे मला आज कळलेलं नाही. तुझं १२ मार्चचं पत्र बाटलीबरोबरच आलं होतं. बोळा पेटवला नाही, तोंडाला सगळ्यांचे हात लागले, सगळं तू स्वच्छ लिहिलं होतंस. मी ते दोनदा वाचलं होतं. नवशिकी पोरगीही म्हणाली असती, हा नमुना फेकून द्या आणि दुसरा मागवा. मीसुद्धा तेच म्हणायला हवं होतं. मी नाही म्हटलं.

पंधरा मार्चला सकाळी मी कपाट उघडलं आणि ती काळी बाटली दिसली. मला आनंद झाला, धाकटे. लाज सोडून लिहिते, आनंद झाला. मनात पहिला विचार आला तो असा की आता दगडावर जागाच जागा. दुसरा विचार आला आईचा, की आता ते पान उशीखालून निघेल. मुलाबाळांचा, नाल्याचा, कुणाचा विचार आला नाही. कागद लिहिताना हात जरासुद्धा थरथरला नाही. माझा हात चांगला आहे ना, साहेब म्हणतात तसं.

नंतर तू दुसरी बाटली मागितलीस तेव्हा कळून चुकलं होतं. पण आता मागवली आणि स्वच्छ निघाली तर माझं काय, म्हणून टाळत राहिले. बर्फाचा डबा कुठेही दुरुस्तीला गेला नव्हता, माझ्या टेबलाखाली होता. आईला ताप होता हे खरं, पण एकच दिवस.

मी जळते तुझ्यावर. तू चालायला लागलीस तेव्हापासून जळते. तू पडलीस तरी आई हसायची, मी पडले तर म्हणायची, "एवढी मोठी झालीस, बघून चालता येत नाही?" अर्ज माझा, गाव तुझं. आईची लाळ पुसते मी, आणि ती डोळे मिटून बघते तुला. तू लिहिलंस की तुला माझा हेवा वाटतो, तेव्हा ते पत्र मी मुठीत चुरगाळलं होतं. म्हटलं, मीठच चोळतेय.

साहेबांना सगळं लेखी दिलं आहे, अगदी या पत्रात आहे तसं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. तपासणीच्या खोलीची किल्ली मी टेबलावर ठेवून आले.

माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

ताई


१८ एप्रिल

ताई,

पोर वाचली. काल तिने स्वतः पेला धरला. नुसती काडी झालीय.

तुझं पत्र वाचून मी पंपाजवळ जाऊन बसले आणि तुला वाट्टेल ते बोलले. लोकांना वाटलं मी प्रार्थना करतेय. क्षमा करावी असं मीच दर रविवारी मुलांना शिकवते, पण आज माझ्याच्याने होत नाही, आणि झाली असं खोटं लिहिणार नाही. ती पोर गेली असती तर? तू काय केलं असतंस? मी काय केलं असतं? बोळा मी पेटवला नाही हेही काही मी विसरलेले नाही.

आता खरी गंमत ऐक. साखळी निघाली, रंग खरवडला, पाळकांनी रविवारी जाहीर केलं, साहेबांचा कागद झाडाला डकवला. एकही माणूस पाणी प्यायला तयार नाही. म्हणतात, महिन्यापूर्वी विष होतं, आज गोड कसं झालं? यांना काहीतरी लपवायचंय. सगळा गाव नाल्यावर जातोय. मी त्यांच्यासमोर घटाघटा प्यायले, तर म्हणतात, "हिला काय, हिच्यासाठी दवाखान्यात खाट राखून ठेवलीय."

म्हणून तू ये. तू काळी म्हणालीस, तूच येऊन स्वच्छ म्हण. का काळी म्हणालीस तेही सांग, सगळ्यांच्या तोंडावर. आईला मी बघते. शनिवारी सकाळच्या गाडीने मी निघते, त्याच गाडीने परत फिरताना तू ये. स्टँडवर मला काही बोलायला जाऊ नकोस, नुसती घराची किल्ली दे.

आणि मी काही आता इकडे परत येईन असं वाटत नाही. ज्यांना मी नको, त्यांच्यात कशाला राहू?

धाकटी


२६ एप्रिल

धाकटे,

तू किल्ली घेतलीस आणि माझ्याकडे बघितलंही नाहीस. बरोबर केलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंपापाशी माणसं जमली. पाळकांनी बोलावलं म्हणून जमली, पाण्यासाठी नाही. बायका पुढे, घागरी रिकाम्या, कमरेवर उपड्या. मी आपली सुरू झाले, जंतू म्हणजे काय, नमुना कसा घेतात, बाटली काळी का पडते. दोन मिनिटांत अर्ध्या जणी जांभया द्यायला लागल्या. एक उंच बाई म्हणाली, "मागच्या महिन्यात विष म्हणालात, आज अमृत म्हणता. तुमची बाटली दारू पिऊन येते की काय?" सगळ्या हसल्या. मी तीन पेले प्यायले. ती म्हणाली, "पगार मिळतो, पिणारच."

मग मी म्हटलं, बाटलीची चूक नाही, चूक माझी. पाणी चांगलं आहे हे मला कळायला हवं होतं, आणि कळलंही होतं. तुमच्याकडे राहते ती माझी बहीण. तिचं सगळीकडे कौतुक झालं ते मला बघवलं नाही. म्हणून मी पंप बंद केला.

पाळक खाली बघायला लागले. मग त्या उंच बाईने विचारलं, "सख्खी बहीण?"

"सख्खी."

"थोरली का तुम्ही?"

"थोरली."

"मग बरोबर," ती म्हणाली, आणि शेजारणीकडे वळून म्हणाली, "हे पटतं बाई." सगळ्या माना हलवायला लागल्या. जंतू नाही पटले, साहेबांचा कागद नाही पटला, पण थोरली धाकटीवर जळते हे एका क्षणात पटलं. एक म्हातारी तर आपल्या जावेबद्दल सांगायलाच लागली. मला वाटत होतं दगड मारतील.

पण घागर कुणी पुढे केली नाही. सगळ्या मागे वळून बघत होत्या. सुईण आजी नातीला कडेवर घेऊन उभी होती. सहा वर्षांची पोर आणि कडेवर तीन वर्षांची वाटत होती. आजी माझ्यासमोर आली. इतक्या जवळ, की मला पळून जावंसं वाटलं.

म्हणाली, "हिला काही झालं असतं तर तुला इथेच गाडली असती."

मी म्हटलं, "हो."

मग नातीला कडेवर सावरत म्हणाली, "माझीपण एक बहीण होती. तिचं घर बरं निघालं, माझं नाही. तर वीस वर्षं मी तिच्या दारावरून गेले, पण तिच्या घरचं पाणी प्यायले नाही. ती मेली तेव्हा गेले. तेव्हा कुणी पाणी विचारायलाही नव्हतं तिथे."

पोरीला तिने खाली उतरवलं, एका बाईकडून घागर ओढून घेतली, पंपाच्या तोंडाखाली ठेवली आणि माझ्यावर खेकसली, "बघतेस काय? मार दांडा."

मी मारला. धाकटे, मी बारा वर्षांत पहिल्यांदा पंपाचा दांडा मारला. शिकवलं सगळ्यांना, मारला कधी नव्हता. दहा-पंधरा हिसक्यांत खांदे भरून आले. आजी ओंजळ भरून आधी स्वतः पाणी प्यायली. थांबली. मग नातीला पाजलं. मग रांग लागली, आणि मी ऊन डोक्यावर येईपर्यंत दांडा मारत होते. कुणी हात सोडू देईना. पोरं पाणी पिताना हनुवटीवरून कसं सांडतात, ते मी कधी पाहिलं नव्हतं. मी आजवर पाणीच पाहिलं होतं, पिणारं कुणी नाही.

साहेबांचा निरोप आलाय. तपासणीच्या खोलीत मला पुन्हा घेणार नाहीत. इथे माणूस लागणारच आहे, तेव्हा तुझी यायची इच्छा नसेल तर मी राहावं का, असं त्यांनी विचारलंय. पाळकांनाही चालेल. मलाही चालेल. चालेल कसलं, मला राहायचंय, धाकटे. तुझ्या खोलीत झोपते, तुझ्या खिडकीतून पंप दिसतो, आणि सकाळी तिथे घागरींचा आवाज सुरू झाला की मला उठावंसं वाटतं. आयुष्यात एवढं काही हवंसं वाटलेलं नाही.

पण त्या दिवशी घागरी भरून जाताना एकेक जण विचारत होती, "धाकटी कधी येणार?" अकरा जणींनी विचारलं. मी मोजलं, कारण प्रत्येक वेळी मी पुन्हा जळले. दार लावून घेणारीनेही विचारलं. तुला कळवू नये, असं मनात आलं. खरंच आलं. पत्र लिहायला दोन दिवस लावले ते त्यामुळेच.

आणि त्या अकरा जणींना मी काय सांगितलं ते ऐक. सांगितलं, धाकटी सोमवारच्या गाडीने येतेय, आणि त्याच गाडीने मी आईकडे परत जातेय.

तुझी ताई